जनस्थानचा धनी

पंचवटीत ज्याचे लहानपण गेले, त्याने रामायण हाती धरण्याआधीच त्याच्या पायांना ते पाठ झालेले असते. आमच्या घरी परगावचा पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी आजी त्याला घेऊन निघायची आणि पिशवी धरायला मी बरोबर. आधी रामकुंड, मग काळाराम, मग सीतागुंफा, आणि पाहुण्याच्या पायांत बळ उरले असेल तर तपोवन. सीतागुंफेची वाट इतकी अरुंद की माणसाला वाकून, बसून, सरकत आत जावे लागते. आजीला ते जमत नसे. ती बाहेर वडाच्या सावलीत बसायची आणि आतली माहिती सांगण्याचे काम माझ्याकडे यायचे. खर आणि दूषण चौदा हजार राक्षस घेऊन चालून आले, तेव्हा रामाने सीतेला इथे लपविले, हे वाक्य मी इतक्या पाहुण्यांना ऐकविले आहे की आजही झोपेत कोणी विचारले तरी ते बिनचूक येईल.

एकदा बाहेर आल्यावर मी आजीला विचारले, "रामाची जागा दाखवतात, सीतेची दाखवतात, नाक कापले ती जागासुद्धा दाखवतात. मग खराचे घर कुठे होते?"

"अरे, राक्षसाला कसले घर!" ती म्हणाली. आणि मग चार पावले चालून गेल्यावर, स्वतःशीच बोलल्यासारखी: "असेल इथेच कुठेतरी. गाव त्याचेच ना."

हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेले नाही. दिवाळीच्या दिवसांत, नरकासुराच्या आणि बळीच्या गोष्टी घरोघर चाललेल्या असताना, आमच्या गावच्या या विसरलेल्या धन्याची थोडी चौकशी करावी असे मनात आले, म्हणून हा लेख.

वाल्मीकीचा खर हा रानात भटकणारा, माणसे गिळणारा कोणी बुभुक्षित राक्षस नव्हे. तो रावणाचा धाकटा भाऊ, आणि जनस्थान हे रावणाच्या राज्याचे सरहद्दीवरचे ठाणे. त्या ठाण्याचा तो अधिपती. दूषण त्याचा सेनापती, त्रिशिरा त्याच्या पदरचा वीर. त्याचे नाव रामाच्या कानी पडते तेही इकडे आल्यावर नव्हे, तर पार चित्रकूटावर. भरत परत गेल्यानंतर तेथील तपस्वी अस्वस्थ दिसू लागतात, आपसांत कुजबुजतात, आणि त्यांच्यातला एक वृद्ध ऋषी रामाला सांगतो की जनस्थानच्या खराचा आम्हांला उपद्रव आहे आणि तू येथे आल्यापासून तो वाढला आहे. जनस्थान कोठे आणि चित्रकूट कोठे! पण ठाणेदाराचा दरारा तेवढा लांब पोचलेला होता.

पुढचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. शूर्पणखा रक्ताने माखलेली भावापुढे येऊन पडते. खर प्रथम चौदा जणांना पाठवितो. ते मारले जातात. ती पुन्हा येते, पुन्हा जमिनीवर लोळण घेते, आणि त्याला असे काही बोलते की कोणत्याही भावाच्या जिव्हारी लागावे: तुझ्यात जोर नसेल तर हे जनस्थान सोडून चालता हो. मग चौदा हजारांची तयारी होते. वाटेत अपशकुनांची रांग लागते. ध्वजदंडावर गिधाड बसते, रथाचे घोडे अडखळतात, त्याचा डावा हात फुरफुरतो. खर हसतो आणि पुढे जातो.

त्या लढाईतला एक बारकावा मला फार आवडतो. दूषण पडला, त्रिशिरा पडला, चौदा हजार पडले. खराने रामाचे धनुष्य तोडले, कवच फोडले, तेव्हा रामाने अगस्त्यांनी दिलेले वैष्णव धनुष्य हाती घेतले. खराचा रथ गेला, हाती गदा उरली. अशा वेळी राम त्याला धर्म-अधर्मावर बरेच ऐकवतो. त्यावर खर जे उत्तर देतो त्याचा भावार्थ एवढाच, की खरे वीर स्वतःची स्तुती करीत नसतात. बोलण्यासारखे माझ्याकडेही पुष्कळ आहे, पण मी बोलत नाही, कारण सूर्य मावळेल आणि युद्ध अर्धवट राहील. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला उजेडाची काळजी! वाल्मीकीने त्याला दुष्ट म्हटले, पण भेकड केले नाही.

गदा गेल्यावर खर साल वृक्ष उपटून फेकतो, आणि तोही तुटल्यावर नुसत्या हातांनी, रक्ताने न्हालेला, रामावर धावून येतो. येथे वाल्मीकी एक गोष्ट लपवीत नाही. बाण सोडायला अंतर हवे, म्हणून राम चपळाईने थोडा मागे सरतो. एवढेच. पण संस्कृत कवींच्या नजरेतून ते सुटले नाही. आठव्या शतकातल्या भवभूतीने, जो आपल्या विदर्भातल्या पद्मपूरचा, 'उत्तररामचरिता'च्या पाचव्या अंकात लवाच्या तोंडी नेमकी ही गोष्ट घातली आहे. वडील माणसांच्या चरित्राची चिकित्सा करू नये असे म्हणत म्हणतच तो पोरगा ताटकेचा वध, वालीचा वध आणि खराशी लढताना मागे घेतलेली ती तीन पावले, अशी यादी काढतो. समोर चंद्रकेतू चिडतो. लवाला ठाऊक नाही की तो आपल्याच बापाबद्दल बोलतो आहे. खराची याहून मोठी आठवण कोणत्या कवीने ठेवली असेल असे मला वाटत नाही.

आता गावाकडे येऊ. नाशिकला युगायुगांतून निरनिराळी नावे होती असे जुनी परंपरा सांगते: पद्मनगर, त्रिकंटक, जनस्थान आणि मग नासिक. त्यातल्या त्रिकंटकाचा एक अर्थ नाशिककर असा लावतात की खर, दूषण आणि त्रिशिरा हे ते तीन काटे. दुसरा अर्थ टेकड्यांवरून लावलेला आहे, आणि तो बहुधा अधिक खरा असेल; पण नावात का होईना, त्या तिघांना गावाने एवढी जागा दिली. नासिक हे नाव तर त्याच भांडणातून निघाले असे आम्ही मानतो. म्हणजे गावाचे नाव काढले की शूर्पणखेचे नाक आलेच, आणि नाकाबरोबर तिचा भाऊ. 'जनस्थान' या नावाने कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा पुरस्कार मोठ्या साहित्यिकांना दिला जातो. हार-तुरे चालू असताना सभागृहात बसलेल्या कितीजणांना आठवत असेल की हे त्या ठाणेदाराच्या मुलखाचे नाव आहे?

पंचवटी म्हणजे आमचीच पंचवटी, हा नाशिककरांचा हट्ट सर्वांना मान्य नाही, हेही सांगायला हवे. गोदावरी लांब आहे. तेलंगणात भद्राचलमजवळ पर्णशाला म्हणून गाव आहे, तेथेही पर्णकुटी दाखवतात. मी या वादात पडत नाही. मला एवढेच पाहायचे होते की राम येवो न येवो, आमच्या गावात आधी कोण राहत होते.

त्याचे एक उत्तर मातीच्या गढीने दिले. गोदावरीच्या काठची ही उंच गढी म्हणजे लहानपणी आमची पतंग उडविण्याची जागा. ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51 साली येथे आणि संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे येथे उत्खनन केले. गढीच्या पोटात एकाखाली एक वस्त्यांचे थर निघाले, आणि अगदी तळाशी, सातवाहनांच्याही कितीतरी आधीचे, चाकावर घडविलेल्या रंगीत मडक्यांचे तुकडे आणि गारगोटीची बारीक पाती. जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. तांबडे भांडे, त्यावर काळ्या रंगाने काढलेल्या रेघा, लांब तोटी: आता या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणतात आणि तिचा काळ साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा धरतात. हे लोक कोण, त्यांची भाषा कोणती, ते स्वतःला काय म्हणवीत, काही कळत नाही. त्यांनी लिहून ठेवले नाही. ते राक्षस होते असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला कसलाही आधार नाही. पण तोटीच्या भांड्यातून पाणी ओतणारी, मडक्यावर रेघ ओढताना हात थरथरू नये म्हणून श्वास रोखणारी माणसे येथे नांदत होती, आणि त्यांच्यानंतर जे आले त्यांनी त्यांचे नाव काय ठेवले असेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

हरलेल्याचे नाव जिंकणारा कसे लिहितो, याचा पुरावाच हवा असेल तर गावापासून फार दूर जायला नको. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढाव्या. जुने नाव त्रिरश्मी डोंगर. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची तिने त्यात जी स्तुती केली आहे, तशी कोणत्याही आईने दगडात कोरून ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही. तो शक, यवन, पल्हवांचा नाश करणारा. क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा. केशवाच्या शेजारचा हा राम बलराम असावा असाही एक तर्क आहे, पण ते राहू द्या. लेख एवढाच उरला असता, तर क्षहरात म्हणजे कोणी दैत्यकुळ होते, असेच आपण समजलो असतो. एखाद्या कथेकऱ्याने त्यांना दहा तोंडेही दिली असती.

पण त्याच डोंगरात, काही पावलांवर, दहाव्या क्रमांकाचे लेणे आहे, आणि तेथे क्षहरात नहपानाचा जावई उषवदात स्वतः बोलतो. त्याने तीन लाख गाई दान दिल्या. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे धर्मशाळा बांधल्या. दमण, तापी, डहाणूकडची नदी, अशा नद्यांवर लोकांना फुकट उतरता यावे म्हणून नावा ठेवल्या. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने; आणखी एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. विणकराकडे ठेव ठेवून व्याजाचा दर दगडात कोरून घेणारा हा 'दैत्य' मला तरी कोणा हिशेबी नाशिककर सावकारासारखा वाटतो. तो हरला, त्याचा सासरा हरला. पण त्याचा दगड कोणी फोडला नाही, म्हणून आज त्याची बाजू आपल्याला माहीत आहे. खराचा असा दगड नाही.

याच लढाईची दुसरी खूण 1906 साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी येथे सापडली. तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, सगळी नहपानाची. आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा ठसा मारलेला. नहपानाच्या मुखवट्यावर डोंगराचे चिन्ह उमटविले आहे. ठसे मारणाऱ्या सोनाराला घाई असावी. पुष्कळ नाण्यांवर नवे चिन्ह नीट बसलेले नाही, आणि त्याच्या कडेने जुन्या राजाचे नाक, कधी कान, कधी केसांची बट डोकावते. चांदी तीच, तोंड नवे, आणि नव्या तोंडाखालून जुने तोंड पाहते आहे. ते नाणे पाहिल्यापासून कोणतीही राक्षसाची गोष्ट ऐकली की मी कडेला काय दिसते ते पाहू लागतो.

अशीच एक गोष्ट मला जपानात सापडली. म्हणजे मी जपानला गेलो नाही, गोष्ट माझ्याकडे आली. जपानी लोक राक्षसाला 'ओनी' म्हणतात. तिकडे आतल्या समुद्राच्या काठी किबी म्हणून प्राचीन मुलूख आहे, आजचा ओकायामा. तेथे उरा नावाचा ओनींचा नायक डोंगरावरच्या गढीत राहून समुद्रातून जाणारी गलबते लुटीत असे. तो समुद्रापलीकडून, कोरियातल्या पेक्चे राज्यातून आलेला राजपुत्र होता, असे सांगतात. यामातोच्या राजाने किबित्सुहिको या राजपुत्राला त्याच्यावर धाडले. राजपुत्राचे बाण आणि उराने फेकलेले दगड हवेतच एकमेकांवर आदळून खाली पडत. मग राजपुत्राने एकदम दोन बाण सोडले. एक अडला, दुसरा उराच्या डोळ्यात शिरला, आणि रक्ताची नदी वाहिली. उरा तितर होऊन उडाला, राजपुत्र ससाणा झाला. उरा मासा होऊन पाण्यात शिरला, राजपुत्र पाणकावळा झाला. अखेर डोके कापले.

येथवर गोष्ट आपल्याच घरची वाटते. पुढची मात्र ऐकण्यासारखी आहे. कापलेले डोके गप्प बसेना. गुरगुरणे चालूच. शेवटी ते पुरले आणि वर स्वयंपाकाची कढई ठेवली, तरी आवाज थांबेना. मग एका रात्री उरा राजपुत्राच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, माझ्या बायकोला या चुलीवर देवाचा भात शिजवू दे. मी कढईतून तुमचे बरेवाईट सांगत जाईन. किबित्सुच्या देवळात हा विधी अजून होतो. कढईत पाणी उकळते, वर तांदूळ हलवतात, आणि चुलीखालचा उरा घुमू लागतो. आवाज मोठा आला की शुभ. त्यांच्या उएदा अकिनारी या लेखकाने 1776 सालच्या आपल्या कथासंग्रहात या कढईवर एक भयकथा लिहिली आहे. सोयरीक जुळविताना कौल विरुद्ध येतो, तरी लग्न लावतात, आणि पुढे जे व्हायचे ते होते. दिवाळीच्या अंकात ती सांगत नाही. लेकरे रात्री निजायची नाहीत.

उराची ती गढी अजून आहे. तिला 'किनोजो', म्हणजे ओनींचा किल्ला, असेच म्हणतात. डोंगरमाथ्याभोवती सुमारे पावणेतीन किलोमीटरचा तट. संशोधक सांगतात की हा सातव्या शतकातला कोरियन पद्धतीचा किल्ला आहे. पेक्चेचे राज्य बुडाले, त्याच्या मदतीला गेलेल्या जपानी आरमाराचा 663 साली पराभव झाला, आणि आता शत्रू आपल्या किनाऱ्यावर उतरणार या धास्तीने जपानात असे किल्ले उभे राहिले. ते रचायला पेक्चेहून आश्रयाला आलेली माणसे होती. म्हणजे परक्या भाषेत बोलणारे, दगड रचण्यात आणि लोखंड गाळण्यात तरबेज लोक. कोणासाठी किल्ला बांधला हे पुढे विसरले गेले आणि बांधणारा राक्षस झाला, असे तर झाले नसेल?

जपानच्या त्या चुलीखालच्या उराची गोष्ट वाचली आणि मला आमच्याच जिल्ह्यातला सप्तशृंगगड आठवला. देवीच्या पायऱ्या चढायला लागताना खाली महिषासुराचे दगडी मस्तक आहे. देवीला जाणारा प्रत्येकजण आधी त्याच्या समोरून जातो. जेजुरीला मणी आणि मल्ल. मणी शरण आला म्हणून त्याला देवाजवळ जागा मिळाली, मल्लाचे मस्तक पायरीशी आले. आणि म्हसोबा तर गावोगाव. शेंदूर फासलेला दगड, कधी शेताच्या बांधावर, कधी ओढ्याकाठी. धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनी 1962 सालच्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात हा म्हसोबा म्हणजेच महिषासुर असे मांडले, आणि एके ठिकाणी देवी ज्याला मारते, दुसऱ्या ठिकाणी तिच्याशीच त्याचे लग्न लागलेले असते, हेही दाखवून दिले. त्याच्या कितीतरी आधी, 1873 साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त म्हसोबा म्हणजे बळीराजाचा 'महासुभा' असा अर्थ लावला होता. शब्दाची ती व्युत्पत्ती भाषापंडितांना पटणार नाही. पण ज्यांना राक्षस म्हटले ते या भूमीचे राजे आणि अंमलदार होते, हे मराठीत इतक्या ठणकावून त्यांच्याआधी कोणी सांगितले नव्हते.

आणि हे सारे प्रकरण निव्वळ पोथीतले नाही, हे नाशिकला विसरता येत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी रामशेजच्या काळ्या दगडात बांधलेले काळारामाचे देऊळ, ज्याच्या दारातून आजी मला बोट धरून सहज आत न्यायची, त्याच दारापुढे 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दारे बंद होती. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुष बाहेर उभे होते, आणि हे पुढे कित्येक वर्षे चालले. दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. आजीने या गोष्टीचा उच्चार माझ्याजवळ कधी केला नाही. पंचवटीतले सगळे काही दाखविणाऱ्या बाईने ती एक जागा तेवढी दाखविली नाही.

खराला मात्र काहीच मिळाले नाही. मल्लाला पायरी, महिषाला गडाचा पायथा, उराला चूल. नरकासुराने मरताना मागून घेतले की या दिवशी जो पहाटे स्नान करील त्याला नरक नसावा, म्हणून आपण कुडकुडत उटणे लावतो आणि कोकणात पायाखाली कारीट फोडतो. बळीला तर सबंध पाडवा मिळाला. खराचा मुलगा मकराक्ष पुढे लंकेच्या युद्धात बापाचा सूड घ्यायला उभा राहिला आणि तोही पडला. त्यानंतर त्या घराण्याचे नाव घेणारे कोणी उरले नाही.

आमच्याकडे पाडव्याला उंबऱ्याशी शेणाचा बळी करायची पद्धत होती. आजी तो स्वतः थापायची. हात, पाय, डोक्यावर झेंडूचे फूल, शेजारी त्याची राणी, आणि ओवाळून झाले की इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो. सीतागुंफेपाशी मी तो प्रश्न विचारला त्याच वर्षीची दिवाळी. पहाटे डोळे चोळीत बाहेर आलो तर बळी आणि राणी यांच्यापासून थोडे बाजूला, भिंतीच्या कडेला, आणखी एक लहानसा गोळा थापलेला होता. त्यालाही फूल होते.

"आजी, हा कोण?"

"तुझा तो खर," ती म्हणाली, आणि हात धुवायला उठता उठता, "वडिलांना सांगू नकोस हो."